मापबाईंची एक जानेवारी

त्या कारखान्यात दोन्ही पाय सारखे असलेला माणूस यायचा तो फक्त विजेचं मीटर बघायला. बाकी येणाऱ्यांत कुणाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा दोन बोटं आखूड, कुणाची टाच आत वळलेली, कुणाची बोटं एकमेकांवर चढून बसलेली. बाजारात बूट जोडीने मिळतात आणि या लोकांचे पाय जोडीचे नव्हते, एवढाच काय तो त्यांचा गुन्हा. कारखाना आपला म्हणायला. गल्लीच्या टोकाला तीन खोल्या होत्या: पुढच्या खोलीत मापं घ्यायची, मधल्या खोलीत लाकूड कोरायचं यंत्र, आणि मागच्या खोलीत चामडं, गोंदाचा वास आणि मापबाईंचे धाकटे दीर.

दीर बूट शिवायचे, वहिनी मापं घ्यायच्या. गल्लीत त्यांना त्यांच्या खऱ्या नावाने कोणी हाक मारल्याला आता इतकी वर्षं झाली होती की पोस्टमनसुद्धा पाकीट हातात धरून विचारायचा, "मापबाई, हे तुमचंच ना?"

काम असं चालायचं. पायाची मापं घ्यायची, ती कंप्युटरमध्ये भरायची, मग मधल्या खोलीतलं यंत्र त्या आकड्यांवरून लाकडाचा पाय कोरायचं. त्याला कलबूत म्हणतात. भाऊजी त्या कलबुतावर चामडं ओढून ठोकायचे, चामडं बिचारं त्यालाच पाय समजून आकार धरायचं, आणि मग कलबूत आतून काढून घ्यायचं. सगळा धंदाच चामड्याला फसवण्याचा, असं भाऊजी म्हणत.

पण नुसत्या मापाने बूट होत नाही. मापबाई या कामात येण्याआधी पडदे आणि शाळेचे गणवेश शिवायच्या. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड राखतात, त्याला शिवणारे माया म्हणतात. तोच शब्द त्यांनी बुटात आणला. या हाडाभोवती एवढी माया, त्या जुन्या जखमेभोवती तेवढी, टाचेला अजिबात नाही. प्रोग्राममध्ये त्यासाठी एक इंग्रजी नावाचा रकाना होता. मापबाईंनी त्या नावाकडे कधी ढुंकूनही पाहिलं नाही, त्यांच्यासाठी तो मायेचा रकाना. एखादा बूट ढगळ झाला की भाऊजी मागून ओरडत, "वहिनी, गिऱ्हाइकावर माया जरा बेताने करा."

मायेचे आकडे कुठल्या पुस्तकात नव्हते. बूट घालून माणूस परत यायचा, मोजा काढायचा, पायावर लाल डाग कुठे उठलाय ते मापबाई बघायच्या आणि रकान्यात अर्धा मिलिमीटर वाढवायच्या. पुढच्या वेळी पुन्हा तेच. असं करत करत जवळपास सातशे लोकांचे पाय त्या प्रोग्राममध्ये जाऊन बसले होते.

आणि हा प्रोग्राम म्हणजे एक चमत्कारच होता. सोळा वर्षांपूर्वी तो तीन वर्षांच्या परवान्यावर घेतला होता. दुसऱ्याच वर्षी त्याच्या कंपनीने गाशा गुंडाळला. प्रोग्राम मात्र चालत राहिला, आणि जे चालतंय त्याला परवाना कोण विचारतो? रोज सकाळी कंप्युटर सुरू केला की काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी कुरकुर उमटायची, मापबाई एक बटण दाबायच्या, आणि गाडी मार्गाला लागायची. कंप्युटर दुरुस्त करणारा एक माणूस होता. त्याचा एक चष्मा नाकावर आणि एक डोक्यावर असे, म्हणून त्याला सगळे दोनचष्मे म्हणत. तो पूर्वी एकदा म्हणाला होता, "बाई, आतला सेल मेलाय. बदलून टाकू?"

"चालतंय ना? मग हात लावायचा नाही," मापबाईंनी ठणकावलं होतं.

फक्त खोक्यावर चिकटवायच्या चिठ्ठीवर तारीख कायम एक जानेवारी यायची, तीही सतरा वर्षांपूर्वीची. मापबाई ती पेनाने खोडून खरी तारीख लिहायच्या. आपल्याकडचे सगळे बूट एकाच दिवशी जन्माला येतात, हा भाऊजींचा ठरलेला विनोद. त्यात कुणाला काही खटकलं नाही. सवयीचं झालं की माणूस डोळ्यांसमोरचंही बघत नाही.

एक चूक मात्र मापबाईंची स्वतःची होती आणि ती त्यांना चांगलीच भोवली. दोन वर्षांपूर्वीपर्यंत कारखान्याला चौथी खोली होती आणि तिच्यात सगळ्यांची लाकडी कलबुतं दोरीने बांधून टांगलेली होती. खोली सोडायची ठरली तेव्हा भाऊजी म्हणाले, "वहिनी, कलबुतं ठेवू या. माळ्यावर टाकू." मापबाई म्हणाल्या, "कशाला तो पसारा? कंप्युटरमध्ये आहे सगळं." भाऊजी दोन दिवस घुटमळले, पण वहिनींपुढे त्यांचं काही चाललं नाही. सातशे जणांचे पाय जळणात गेले.

एका सोमवारी मापबाईंनी बटण दाबलं आणि कंप्युटर सुरूच झाला नाही. कुरकुरही केली नाही.

त्याच आठवड्यात कंडक्टरबाई आल्या, तेही चालत नव्हे, रिक्षातून, उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालून. तीस वर्षं बसमध्ये उभ्याने तिकिटं फाडलेली बाई. आवाज असा की पुढच्या खोलीत बोलल्या तरी मागे भाऊजींना हातोडी थांबवावी लागे. साखरेच्या आजाराने पायांची जाणीव पार गेलेली. अकरा वर्षांपूर्वी उजव्या पायाची दोन बोटं कापली, तेव्हापासून त्या मापबाईंचेच बूट घालत होत्या आणि पायावर साधा ओरखडा नव्हता. यंदा बुटाचा तळ गेला. नवीन जोडासाठी यायचा कंटाळा केला आणि बाजारातले मऊ बूट घातले. आठ दिवसांत फोड, फोडाची जखम.

"डॉक्टर काय म्हणाले?" मापबाईंनी विचारलं.

"म्हणाले, ही भरत आली आहे. पुन्हा उघडली तर पाय घोट्यातून काढावा लागेल. पंधरा दिवसांनी प्लास्टर सोडणार. त्या दिवशी माझे बूट हजर पाहिजेत, नाहीतर म्हणाले घरी बसा." कंडक्टरबाई हसल्या. "मी एकटी राहते दुसऱ्या मजल्यावर. घरी बसायला मला दूध कोण आणून देणार? मी जाणारच खाली, चपला घालून का होईना. तुम्ही मला ओळखता."

मापबाई त्यांना चांगल्याच ओळखत होत्या. माप पुन्हा घेता आलं असतं. डाव्या पायाचं आत्ता, उजव्याचं प्लास्टर निघाल्यावर. पण माया कुठून आणायची? बधिर पाय बोलत नाही. लाल डाग बघत, चुकतमाकत नव्याने शिकायचं, तर प्रत्येक चूक त्याच पायावर व्हायची, आणि त्या पायाकडे आता चुकीला जागा उरली नव्हती. अकरा वर्षांचे आकडे त्या मेलेल्या डब्यात होते, आणि ज्यावरून ते परत मोजता आले असते ते लाकूड मापबाईंनीच जळणाला घातलं होतं.

"होतील तयार," मापबाई म्हणाल्या. "पंधराव्या दिवशी मी स्वतः घेऊन येते."

रिक्षा गेल्यावर भाऊजी बाहेर आले. "वहिनी, शब्द कशाच्या जोरावर दिलात?"

"दिला खरा. आता जोर शोधते."

दोनचष्मे आला, त्याने डबा उघडला, फुंकर मारली, मान हलवली. कंप्युटर गेला होता, पण आतली डिस्क शाबूत होती. नवा कंप्युटर आला. चकचकीत, आवाज नाही, कुरकुर नाही. दोनचष्म्याने जुना प्रोग्राम त्यात टाकला आणि सुरू केला, तर पडद्यावर एक सभ्य निरोप आला की हा प्रोग्राम या कंप्युटरवर चालू शकत नाही. जुन्या कंप्युटरसारखा वाग, अशी एक खूण त्याच्या सेटिंगमध्ये करता येते, तीही करून पाहिली. तोच निरोप.

"बाई, याचे दिवस भरले," दोनचष्मे म्हणाला. "नवीन कंपनीचा नवीन प्रोग्राम घ्या."

"त्यात माझे जुने आकडे उघडतील?"

"नाही उघडणार."

"मग मला त्याचं काय लोणचं घालायचंय? हाच चालवायचा. कसा, ते तुम्ही सांगा."

त्यानंतरचे तीन दिवस मापबाई त्या माणसाच्या खनपटीलाच बसल्या. सकाळी त्याचं दुकान उघडायच्या आधी त्या बाहेरच्या पायरीवर हजर. मोबाइल दुरुस्तीची गिऱ्हाइकं यायची, जायची, मापबाई हलायच्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्याने हात टेकले. म्हणाला, "एक उपाय आहे, पण कटकटीचा. नव्या कंप्युटरच्या आत एक खोटा जुना कंप्युटर बनवायचा. तुमच्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल त्यात ठेवायची. प्रोग्रामला वाटेल आपण जुन्याच घरात आहोत. कळलं का? म्हणजे बघा, तो कंप्युटर खरा नसतो, पण…"

"कलबूत," मापबाई म्हणाल्या.

"काय?"

"बुटाच्या आत खोटा पाय घालतात. चामड्याला काय कळतंय? कळलं मला. करा सुरुवात."

दोनचष्म्याने चष्म्यांची अदलाबदल केली आणि त्यांच्याकडे नीट बघितलं. त्याचं म्हणणं होतं की इतक्या वर्षांत हे एका वाक्यात समजलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक.

नक्कल व्हायला दीड दिवस गेला. दोनदा अर्ध्यावर अडकली. सातव्या दिवशी दुपारी नव्या कंप्युटरच्या पडद्यावर एक चौकट उघडली आणि त्या चौकटीत जुना कंप्युटर जिवंत झाला. तोच निळा पडदा, त्यावर तेच माशाचं चित्र, कोपऱ्यात भाऊजींनी कधीतरी उतरवून घेतलेला पत्त्यांचा खेळ. मापबाईंचे डोळे भरून आले, आणि ते भाऊजींनी बघू नये म्हणून त्यांनी त्यांना चहा आणायला पिटाळलं. मग प्रोग्राम उघडला. पट्टी सरकली, आणि पडद्यावर सोळा वर्षांत कधी न दिसलेलं वाक्य आलं. परवान्याची मुदत संपली आहे.

दोनचष्मे म्हणाला, "हे मी आधीच म्हणालो होतो." तो काहीही म्हणाला नव्हता.

मापबाई सरळ माणूस. लोकांची वस्तू फुकट वापरणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी जुन्या पावतीवरचा नंबर फिरवला. पलीकडच्या माणसाने सांगितलं, इथे आता गाद्या मिळतात. दुसरा नंबर लागलाच नाही. पत्त्यावर पत्र टाकावं तर ते पोहोचून परत यायला महिना. परवाना मागायला त्या तयार होत्या, पण तो द्यायला जगात कोणी उरलं नव्हतं. मग त्यांनी ठरवलं, की मालकच नाही तिथे आपण कुणाला लुबाडत नाही, आणि लुबाडत असलोच तर त्याचा हिशोब नंतर. आधी तो पाय.

पण एक गोष्ट त्यांच्या डोक्यातून जाईना. मुदत संपून तेरा वर्षं झाली होती. मग गेल्या सोमवारपर्यंत हा प्रोग्राम कुणाच्या कृपेने चालत होता?

त्यांनी चौकटीतल्या फायलींची यादी उघडली आणि वरून खाली वाचत गेल्या. पहिल्या अडीच वर्षांच्या फायलींवर वेगवेगळ्या तारखा होत्या. मार्च, ऑगस्ट, सगळं रीतसर. मग अचानक एक जानेवारी. त्याखाली पुन्हा एक जानेवारी. त्याखालच्या पाचशे फायलींवरही तीच, सतरा वर्षांपूर्वीची.

"सेल कधी मेला होता म्हणालात?" त्यांनी हळूच विचारलं.

दोनचष्म्याने चष्मे बदलून ती यादी पुन्हा वाचली. सेल मेला की कंप्युटरला आजची तारीख आठवत नाही. रोज सकाळी तो उठायचा तो आपल्या जन्माच्या तारखेलाच, आणि त्या काळ्या पडद्यावर हीच तर कुरकुर करायचा, की तारीख हरवली आहे. आणि प्रोग्राम समाधानाने बघायचा, की मुदत संपायला अजून कितीतरी अवकाश आहे. तेरा वर्षं कारखाना एका मेलेल्या सेलवर चालला होता. त्या दिवशी दोनचष्म्याने हौसेने तो बदलला असता, तर दुसऱ्याच सकाळी सगळं बंद पडलं असतं. मापबाईंच्या हट्टाला जन्मभर नावं ठेवणाऱ्या भाऊजींनी चहाचा कप खाली ठेवला आणि गुपचूप मागच्या खोलीत गेले.

"तारीख मागे घ्या," मापबाई म्हणाल्या.

पहिल्यांदा त्यांनी सगळ्या कंप्युटरचीच तारीख मागे नेली. तेव्हा तो नवा कंप्युटर बिथरला. मेल उघडेना, डॉक्टरांकडून आलेलं पायाचं चित्र दिसेना, जिथे तिथे धोक्याची पाटी. मापबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. फसवायचं एकट्या चामड्याला, आणि आपण अख्ख्या दुकानाला फसवत बसलो. कंप्युटरला आजची तारीख परत दिली आणि फक्त आतल्या चौकटीतली मागे केली. मिनिटभरात ती आपोआप पुढे आली. पुन्हा मागे केली, पुन्हा पुढे. असं सोळा वेळा झालं. बाहेरचं घड्याळ आतल्याला खरं बोलायला शिकवत होतं. शेवटी दोनचष्म्याने खोल कुठेतरी एक बारीकशी खूण शोधून काढली, ती पुसली, आणि आतलं घड्याळ एकटं पडलं. मापबाईंनी स्वतःच्या हाताने तारीख भरली. एक जानेवारी.

प्रोग्राम मुकाट्याने उघडला.

कंडक्टरबाईंची फाईल मिळाली. डावा पाय, उजवा पाय, आणि मायेच्या रकान्यात आकड्यांची लांबच लांब रांग. कापलेल्या बोटांच्या बुडाशी चार, मग साडेचार, मग एका उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात परत साडेचार. मापबाईंना एकेक डाग आठवला. रुग्णालयाला फोन करून नव्या जखमेची जागा त्यांनी मिलिमीटरपर्यंत विचारून घेतली, तिथे माया दीडने वाढवली, मग थांबल्या, विचार केला आणि अर्धा कमी केली. जास्त मायेनेही पाय आत घसरतो आणि घासतो. यंत्राने लाकूड कोरायला घेतलं तेव्हा नववा दिवस होता. भाऊजींनी चामडं भिजत घातलं.

बूट तयार होईपर्यंत मापबाई रिकाम्या बसल्या नाहीत. त्यांनी जाड पुठ्ठ्याची वही आणली आणि सातशे जणांची माया हाताने उतरवायला घेतली, एका पायाला एक पान. दोनचष्मे म्हणाला, "बाई, नक्कल करून देतो ना पाच मिनिटांत." मापबाई म्हणाल्या, "तीही द्या. वहीही असू दे." भाऊजींनी माळा झाडून घेतला होता. कंडक्टरबाईंचं नवं कलबूत त्यावर पहिलं जाणार होतं.

पंधराव्या दिवशी रुग्णालयात प्लास्टर कापलं. आतला पाय पांढुरका, सुरकुतलेला, जखमेच्या जागी कोवळी गुलाबी कातडी. डॉक्टरांनी बूट हातात घेऊन आतून बोट फिरवलं आणि म्हणाले, अर्धा तास चालवा, मग बघू. कंडक्टरबाई त्या लांब व्हरांड्यात चालायला लागल्या. जाताना ऐटीत, परत येताना त्याहून ऐटीत, वाटेत एका परिचारिकेला पुढे सरका म्हणून दटावून. मापबाई बाकावर बसून त्यांचे पाय बघत होत्या. त्या बाईला आत काय चाललंय ते कळत नव्हतं, आणि मापबाईंना बाहेरून दिसत नव्हतं. अर्धा तास फार मोठा असतो.

कंडक्टरबाई येऊन बाकावर बसल्या. बूट काढला, मोजा काढला. गुडघा दुमडेना, म्हणून तळवा त्यांना स्वतःला बघता येईना. त्यांनी पाय तसाच पुढे केला आणि पहिल्यांदाच हळू आवाजात विचारलं, "बघा बाई. मला लागतंय का?"

मापबाई खाली फरशीवर बसल्या. पाय मांडीवर घेतला, उजेडाकडे वळवला. कापलेल्या बोटांच्या बुडाशी अंगठा फिरवला, मग नव्या कातडीच्या कडेने, मग टाचेवर. परत एकदा सुरुवातीपासून. कुठेही लाल नव्हतं. कुठेही गरम नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कुठेच लागत नाहीये."

कंडक्टरबाईंनी मोजा वर ओढला.

"मला वाटलंच," त्या म्हणाल्या.